धुरास कामाला लावणारा आल्फ्रेड ब्यूखी

रस्त्यानें जाणाऱ्या मोटारीच्या पाठीवर 'टर्बो' हा शब्द आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं वाचला असेल. ज्या मोटारीवर तो असतो ती अधिक वेगवान, एवढीच समजूत सामान्यतः असते. परंतु या शब्दामागें एका माणसाचें वीस वर्षांचें तप आहे, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. त्याचें नांव आल्फ्रेड ब्यूखी. यंत्रविद्येचा अभ्यास करणाऱ्या मंडळींत हें नांव सर्वश्रुत आहे. आमच्या शाळेंतील मुलांना व त्यांच्या पालकांना तें तितकेंच परिचित व्हावें, म्हणून त्याचें अल्पचरित्र येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आल्फ्रेडचा जन्म ११ जुलै १८७९ रोजीं स्वित्झर्लंड देशांतील विंटरथूर या गांवीं झाला. हें गांव यंत्रांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध होतें, व त्यांतील सुल्झर बंधूंचा कारखाना तर युरोपभर नांवाजलेला होता. आल्फ्रेडचे वडील योहान ब्यूखी हे त्याच कारखान्यांत मोठ्या हुद्द्यावर होते. योगायोग असा कीं, ज्या वर्षीं हें मूल जन्मास आलें, त्याच वर्षीं रुडॉल्फ डिझेल नांवाचा एक तरुण विद्यार्थी सुल्झरच्या कारखान्यांत उमेदवारी करीत होता. पुढें एकानें इंजिन निर्माण केलें आणि दुसऱ्यानें त्या इंजिनास नवा श्वास दिला.

घरांत यंत्रांचीच बोलणीं व गांवांत यंत्रांचाच आवाज, अशा वातावरणांत आल्फ्रेड वाढला. शालेय शिक्षण संपल्यावर तो झुरिच येथील सुप्रसिद्ध पॉलिटेक्निक विद्यालयांत गेला. वाफेच्या टर्बाइनाचे थोर पंडित आउरेल स्टोडोला हे त्या काळीं तेथें अध्यापन करीत असत. १९०३ सालीं ब्यूखी इंजिनियर होऊन बाहेर पडला, आणि अनुभव मिळवावा या हेतूनें बेल्जम व इंग्लंड या देशांत जाऊन त्यानें कांहीं काळ नोकरी केली.

याच दिवसांत एका प्रश्नानें त्याच्या मनाची पकड घेतली. इंजिनांत आपण जें तेल जाळतों, त्यांतील उष्णतेपैकीं कामास किती येते? त्या काळच्या उत्तम डिझेल इंजिनांतही हा हिशेब सुमारें एक तृतीयांशावर थांबत असे. बाकीच्या दोन भागांपैकीं कांहीं उष्णता इंजिन थंड ठेवणारें पाणी घेऊन जाई, आणि फार मोठा वांटा धुराबरोबर आकाशांत निघून जाई. गृहस्थानें रुपया कमवावा व त्यांतील दहा आणे खिशाच्या भोंकांतून गळून जावे, तसाच हा प्रकार होता. सारे इंजिनियर हें नुकसान जाणत होते, परंतु तें अटळ म्हणून सोडून देत होते. ब्यूखीस तें सोडवेना.

इंजिनाची दुसरीही एक अडचण होती. इंजिन म्हणजे श्वास घेणारें यंत्र होय. दट्ट्या खालीं जातो तेव्हां बाहेरची हवा नळकांड्यांत शिरते. जितकी हवा आंत येईल तितकेंच इंधन जळूं शकतें. एक भाग वजनाचें पेट्रोल पुरतें जाळावयास सुमारें पंधरा भाग वजनाची हवा लागते. बाहेरच्या हवेचा दाब ठरलेला, म्हणून एका श्वासांत येणारी हवाही ठरलेली. तेव्हां इंजिनाची शक्ति वाढवावयाची म्हणजे तें आकारानें मोठें करणें, हा एकच मार्ग लोकांस दिसत होता.

ब्यूखीनें हे दोन्ही प्रश्न एकमेकांस जोडले. जोरानें बाहेर पडणाऱ्या तप्त धुरावर एक चक्र फिरवावें, त्या चक्राच्या बळावर हवा दाबणारें दुसरें चक्र चालवावें, आणि दाबलेली हवा इंजिनास पाजावी! म्हणजे फुकट जाणारी शक्ति कामास लागेल, आणि त्याच आकाराचें इंजिन अधिक हवा घेऊन अधिक काम करील. १६ नोव्हेंबर १९०५ रोजीं त्यानें या कल्पनेचें पेटंट जर्मनींत नोंदविलें. त्या वेळीं त्याचें वय अवघें सव्वीस वर्षांचें होतें.

येथें गोष्ट संपली असती, तर आम्हांस हें चरित्र लिहिण्याचें फारसें कारण नव्हतें. कल्पना सुचणें निराळें व ती लोखंडांत उतरविणें निराळें. ब्यूखी स्वदेशीं परतला, सुल्झरच्या कारखान्यांत संशोधनाचें काम करूं लागला, व १९११ च्या सुमारास तेथें त्याचे प्रयोग सुरू झाले. परंतु यश येईना. धुराच्या उष्णतेपुढें टिकेल अशी धातु त्या काळीं सहज मिळत नव्हती. हवा दाबणारीं चक्रें इतकीं अपूर्ण होतीं कीं, धुराकडून मिळालेल्या शक्तीचा बराच भाग तींच गिळून टाकीत. शिवाय धुराच्या वाटेवर चक्र बसविल्यामुळें धूर कोंडला जाई व नळकांड्यांत परत दाब देई. १९१५ सालीं त्यानें अशा इंजिनाची योजना पुढें मांडली, पण तिचा स्वीकार झाला नाहीं. पेटंट घेतल्यास दहा वर्षें लोटलीं होतीं, तरी हातांत दाखविण्यासारखें कांहीं नव्हतें.

ब्यूखीच्या ठिकाणीं दुसरा कोणी असता, तर त्यानें काय केलें असतें? बहुधा याहून मोठें चक्र बसविलें असतें व आणखी जोरानें हवा कोंबली असती. ब्यूखीचें मोठेपण यांत आहे कीं, त्यानें आपल्या चक्राकडे पाहणें सोडून इंजिनाकडे पाहिलें. तें इंजिन स्वतःच्या बळानें श्वास घेण्यासाठीं बांधिलेलें होतें. त्याच्या झडपा केव्हां उघडाव्या व केव्हां मिटाव्या, धुराच्या नळ्या कशा जोडाव्या, हें सारें त्याच हिशेबानें ठरलेलें होतें. अशा इंजिनास जोरानें हवा पाजली म्हणजे तें बलवान् होण्याऐवजीं गुदमरे व तापे. दोष हवेंत नव्हता. हवा बदलली आणि वेळापत्रक जुनेंच राहिलें, हा खरा दोष होता.

१९२५ सालीं त्यानें नवें पेटंट घेतलें, आणि त्यांत या कोड्याचें उत्तर होतें. धूर बाहेर जाण्याची वेळ संपत आली असतां, धुराची झडप मिटण्यापूर्वींच हवेची झडप उघडावी. दोन्ही झडपा क्षणभर एकदम उघड्या राहिल्या म्हणजे दाबाची ताजी हवा नळकांड्यांतून झाडू मारल्यासारखी निघून जाते. कोपऱ्यांत उरलेला जळका वायु ती बाहेर लोटते, आणि दट्ट्याचें डोकें व धुराची झडप यांस थंड करिते. हें साधण्यासाठीं त्या क्षणीं धुराच्या नळींत दाब कमी असला पाहिजे. म्हणून त्यानें नळकांड्यांचे गट पाडून प्रत्येक गटास निराळी नळी दिली, म्हणजे एकाच्या धुराचा धक्का दुसऱ्याच्या झाडलोटीस आड येऊं नये. युक्ति पाहतां साधी आहे, परंतु ती सुचण्यास वीस वर्षें लागलीं.

मग मात्र फळ लवकर हातीं आलें. बाल्टिक समुद्रावर प्रवासी वाहतूक करण्यासाठीं जर्मन सरकारनें 'प्रॉयसन' व 'हान्सेष्टाट डान्झिग' अशीं दोन जहाजें बांधविलीं. त्यांच्या दहा नळकांड्यांच्या डिझेल इंजिनांवर ब्यूखीची योजना बसविण्यांत आली. जें इंजिन एरवीं १७५० अश्वशक्तीचें, तें आतां २५०० अश्वशक्ति देऊं लागलें. १९२८ सालीं खुद्द स्टोडोला यांनीं ब्यूखीच्या पद्धतीच्या एका इंजिनाची परीक्षा करून तिचें यश शास्त्रीय आंकड्यांनीं प्रसिद्ध केलें. ज्या विद्यालयांत विद्यार्थी म्हणून बसलों तेथल्याच अध्यापकाकडून असें प्रमाणपत्र मिळणें, याहून मोठा सन्मान कोणता?

याच सुमारास ब्यूखीनें सुल्झर सोडून ब्राऊन बोव्हेरी ही कंपनी व विंटरथूरचा आगगाडीच्या इंजिनांचा कारखाना यांच्याशीं सहकार्य केलें, आणि त्याची पद्धति देशोदेशीं पसरली. १९३८ सालीं सौरर या स्विस कंपनीनें मालमोटारीच्या इंजिनास टर्बो लाविला. २७ ऑक्टोबर १९५९ रोजीं आपल्या जन्मगांवींच, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, ब्यूखीनें देह ठेविला. पुढें १९६२ पासून आपल्या देशांतील लोहमार्गांवर जें २६०० अश्वशक्तीचें डब्ल्यूडीएम-२ जातीचें डिझेल इंजिन धावूं लागलें, तेंही टर्बोवरच चालणारें होतें.

ब्यूखीच्या चरित्रांतील बोध त्याच्या मागें लगेच विसरला गेला, हें सांगण्यास आम्हांस खेद वाटतो. १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्डस्मोबील कंपनीनें 'जेटफायर' नांवाची टर्बो लाविलेली पेट्रोलची मोटार विक्रीस आणली. पेट्रोलच्या इंजिनास एक निराळें भय असतें. हवा व पेट्रोल यांचें मिश्रण फार दाबलें व तापलें, तर ठिणगीनें पेटलेली ज्वाळा पोहोंचण्यापूर्वींच त्याचा कांहीं भाग आपोआप भडकतो, आणि इंजिनांत हातोडी मारल्यासारखी ठकठक ऐकूं येते. हे ठोके चालू राहिले तर दट्ट्या फुटतो. जेटफायरचें इंजिन मिश्रणास मुळांतच सवादहा पट दाबणारें होतें. त्यांत टर्बोची भर पडली. उपाय म्हणून पाणी व मद्यार्क यांचें एक द्रव आंत शिंपडण्याची सोय केली. पण मालक तें भरावयास विसरत, आणि द्रव संपलें कीं यंत्रणा दाब रोखून धरी व मोटार निर्बळ होई. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९६३ सालीं, ती मोटार बंद झाली.

मोटारींची आवड असलेले कांहीं विद्यार्थी आम्हांस विचारतात कीं, आतां इंजिनाचा सारा कारभार संगणक पाहतो, तेव्हां साध्या मोटारीस टर्बो लावून संगणकांतील आंकडे बदलले म्हणजे झालें, नाहीं का? या प्रश्नाचें उत्तर ब्यूखीच्या चरित्रांतच आहे. कारखान्यानें बसविलेल्या संगणकाच्या स्मरणांत कोष्टकें असतात. इंजिनाची अमुक गति व हवेचा अमुक दाब असतां किती इंधन सोडावें व ठिणगी किती आधीं टाकावी, हें त्यांत लिहिलेलें असतें. स्वतःच श्वास घेणाऱ्या इंजिनाचें कोष्टक बाहेरच्या हवेच्या दाबापाशीं संपतें, आणि दाब मोजणारें उपकरणही त्याच्या फारसें पलीकडे पाहूं शकत नाहीं. टर्बोनें दाब दीडपट केला, तरी संगणकास त्याची वार्ताच नसते! तो जुन्याच हिशेबानें इंधन सोडतो, आणि मिश्रणांत इंधन कमी पडून इंजिन जळतें.

बरें, उपकरण बदलून कोष्टकही वाढविलें असें समजूं. पुढची मर्यादा इंधनाच्या पिचकारीची. इंजिन मिनिटास ६००० फेरे करीत असेल तर दोन फेऱ्यांस, म्हणजे एका पूर्ण आवर्तनास, सेकंदाचे हजार भाग केल्यास त्यांतील वीस भाग मिळतात. पूर्ण भार असतां पिचकारी आधींच सोळा भाग उघडी राहत असेल, आणि हवा दीडपट झाली, तर तिला चोवीस भाग उघडें राहावें लागेल. विसांत चोवीस कसे मावणार? येथें संगणकाची कितीही मनधरणी केली तरी व्यर्थ. पिचकारीच मोठी पाहिजे. ठोके थांबविण्यासाठीं संगणक ठिणगी उशिरां टाकूं शकतो हें खरें. पण तसें केल्यानें शक्ति घटते, धूर अधिक तापतो, आणि झडपा व टर्बोचें चक्र करपूं लागतें. शेवटीं दट्ट्या, त्याचा दांडा व बेअरिंगें हीं ज्या भारासाठीं घडविलीं, तेवढाच भार तीं सोसणार. कागदावरचा आंकडा बदलल्यानें लोखंड बळकट होत नाहीं.

म्हणूनच जे कारखाने आरंभापासून टर्बोचें इंजिन बांधतात, ते दट्ट्या, झडपा, पिचकाऱ्या, हवा थंड करण्याची सोय व संगणकाचीं कोष्टकें हीं सर्व एकत्र योजितात. ब्यूखीनें १९२५ सालीं जें शिकविलें, त्याचाच हा विस्तार होय.

विद्यार्थीमित्रहो, हवा कोंबणें कोणासही जमतें. ती पेलावी म्हणून आंतील प्रत्येक भाग पुन्हां जुळविणें हें काम धीराचें आहे. आमच्या पालकवर्गासही एक विनंती करावीशी वाटते. मुलाच्या डोक्यांत विद्या भरण्याची घाई आपणां सर्वांसच असते. परंतु त्याच्या अंगीं ती पचविण्याची तयारी किती झाली आहे, हेंही पाहिलें पाहिजे. ब्यूखी वीस वर्षें थांबला, आणि त्या थांबण्यांत तो एक दिवसही रिकामा बसला नाहीं. पुढच्या वेळीं मोटारीवर तो लहानसा शब्द वाचाल, तेव्हां विंटरथूरच्या या चिकाट माणसाची आठवण अवश्य करा.