सुरतेच्या बायकांना दवाखान्याची वाट दाखवणाऱ्या डॉ. रखमाबाई

ग्वाल्हेरला कंपू भागात शिंदे सरकारांनी उभारलेलं जयारोग्य रुग्णालय आहे. त्याच परिसरात बायका-मुलांचं कमलाराजा रुग्णालय आणि १९४६ सालचं गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय. कंपू हे नावच शिंद्यांच्या कवायती फौजेच्या तळावरून पडलेलं. आज तिथे भिंड-मुरैन्यापासून पेशंट येतात आणि नातेवाईक व्हरांड्यात पथारी टाकून राहतात. सव्वाशे वर्षांपूर्वी देशभर उलट अडचण होती. संस्थानिकांनी, शेठ-सावकारांनी, डफरिनबाईंच्या फंडाने जागोजागी जनाना दवाखाने बांधले, खाटा मांडल्या. पण बायका येईनात. इमारतीला पैसा लागतो आणि तो कुणीतरी देतो. त्या दारातून पहिली बाळंतीण आत आणायची कशी, याला पैशाने उत्तर मिळत नव्हतं.

हे काम सुरतेत एका मराठी बाईने केलं. नाव डॉ. रखमाबाई. सुरत आपल्या नवापूर-नंदुरबारकडच्या वाचकांना लांब नाही. आजही तिकडचा अवघड पेशंट बऱ्याचदा सुरतेलाच हलवतात. पण रखमाबाई म्हटलं की लोकांना आठवतो तो त्यांचा खटला. डॉक्टरकी मागे पडते. हा अन्याय आहे असं मला वाटतं, कारण खटला चार वर्षं चालला आणि दवाखाना सुमारे पस्तीस वर्षं.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतल्या सुतार समाजातला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाई अगदी तरुणपणी विधवा झाल्या आणि पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या समाजात पुनर्विवाहाला मोकळीक होती. हे सावत्र वडील माणूस म्हणून फार मोठे. ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंध, वनस्पतिशास्त्राचा व्यासंग, मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या स्थापनेच्या वेळच्या मोजक्या भारतीयांपैकी एक. आणि आपल्या विषयाला लागू अशी गोष्ट म्हणजे त्यांनी वैद्यकावर आणि बाळंतपणावर मराठीतून पुस्तकं लिहिली. शरीराची माहिती इंग्रजी न येणाऱ्यालाही कळली पाहिजे, हे त्या घरात १८७० च्या दशकात चाललेलं काम होतं. रखमाबाईंना डॉक्टर व्हावंसं वाटलं ते लंडनला जाऊन नव्हे. त्याचं बी इथलंच.

अकराव्या वर्षी लग्न झालं, दादाजी भिकाजी यांच्याशी. रखमाबाई आईकडेच राहिल्या, घरीच वाचत राहिल्या. पुढे सासरी जायला त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ च्या सप्टेंबरात न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला, अपील झालं, आणि ४ मार्च १८८७ ला न्या. फॅरन यांनी उलट निकाल दिला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करतो असं कळवलं. मधल्या काळात टाइम्स ऑफ इंडियात हिंदू लेडी या नावाने बालविवाह आणि बायकांची कोंडी यावर पत्रं छापून आली, ती त्यांचीच. केसरी त्यांच्या विरोधात, मलबारींसारखे सुधारक बाजूने, आणि गावोगाव त्यांच्या नावाने चर्चा. विलायतेत राणी व्हिक्टोरियाने म्हणे हे लग्न मोडलं, अशी कथा आजही व्हॉट्सअॅपवर फिरते. प्रत्यक्षात १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये मिळाले, रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. १८९१ चा संमतिवयाचा कायदा येण्यामागे या खटल्याने उठलेला धुरळा होता.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना उमेद दिली, निधी जमला, आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. १८९४ मध्ये परीक्षा देऊन परत आल्या. त्यांना पहिली भारतीय स्त्री डॉक्टर म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडलेली बरी. आनंदीबाई जोशी १८८६ मध्येच डॉक्टर झाल्या होत्या, पण दवाखाना चालवायच्या आधीच १८८७ मध्ये गेल्या. बंगालच्या कादंबिनी गांगुली तेव्हाच प्रॅक्टिस करू लागल्या होत्या. रखमाबाईंचं मोठेपण पहिल्या नंबरात नाही.

थोडे दिवस कामा हॉस्पिटलात काढून १८९५ मध्ये त्या सुरतेला बायकांच्या रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून गेल्या. आता ती परिस्थिती जरा डोळ्यांसमोर आणा. समोरच्या बायकांची भाषा गुजराती. डॉक्टरीण बाई परक्या मुलखातली, विलायतेत शिकलेली, वर नवऱ्याला कोर्टात हरवायला निघालेली म्हणून देशभर गाजलेली. सासवा-नणंदांनी आपली सून तिच्याकडे का पाठवावी? बाळंतपण घरातच व्हायचं, तेही बहुधा सगळ्यात अंधाऱ्या, वारा नसलेल्या खोलीत. बाळाची नाळ हाताला येईल त्या हत्याराने कापायची, वर राख किंवा शेण लावायचं. मग सहाव्या-सातव्या दिवशी बाळ ताठ व्हायचं आणि सटवाईने नेलं म्हणून घर रडायचं. तो धनुर्वात होता. हत्यार उकळून घेतलं, हात धुतले, नाळेला काही फासलं नाही, तर त्यातली बरीच मुलं वाचतात. एवढीच माहिती. पण ती सांगायची कुणी आणि ऐकायची कुणाची?

त्यांच्या सुरतेतल्या सुरुवातीच्या दिवसांची एक गोष्ट चरित्रकार सांगतात. दवाखान्यात बाळंतपणाला कुणीच येईना. तेव्हा एक गाभण शेळी आवारात आली (कुणी मेंढी सांगतं). रखमाबाईंनी तिची सोडवणूक आतच, एखाद्या बाईची करावी तशी केली. शेळी आणि पिल्लू दोन्ही धड. गावात ही बातमी पसरली, लोक हसले असतील, पण दवाखान्यात गेलेलं जिवंत बाहेर येतं हे डोळ्यांनी दिसलं. मग एकेक बाई यायला लागली. गोष्टीत तिखटमीठ किती हे सोडून द्या. भाषण देऊन जे झालं नसतं ते तिने केलं, कारण तिथल्या लोकांना पटेल अशा रीतीने ते समोर घडलं.

आणि काळ कसला होता! १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दवाखान्यात नेतात ते मारायलाच, अशी आवई उठली आणि त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात सोजिरांनी घरात घुसून तपासण्या केल्या, १८९७ च्या जूनमध्ये रँडचा खून झाला. सुरतेलाही प्लेगने सोडलं नाही. लोक अडाणी होते म्हणून घाबरले, असं म्हणून चालणार नाही. सरकार बंदूक घेऊन दारात आलं तर शहाणा माणूसही पेशंट माळ्यावर लपवेल. सक्तीने तपासणी होते, विश्वास मात्र बसत नाही. अशा वेळी ज्या गावात आपल्यातली वाटेल अशी एखादी डॉक्टरीण होती तिथे फरक पडला असणार. प्लेगमधल्या कामाबद्दल रखमाबाईंना सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं.

१९०४ मध्ये दादाजी वारले. ज्या लग्नाला त्यांनी कोर्टात लाथाडलं होतं, त्याच नवऱ्याच्या मृत्यूनंतर रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली. सुधारकांना हे आजही टोचतं. मनात काय होतं ते त्याच जाणोत. माझा अंदाज असा की ज्या बायकांच्या उंबऱ्याच्या आत त्यांना जायचं होतं, त्या बायका लुगड्याकडे आधी पाहायच्या आणि औषधाकडे नंतर. हा पराभव होता की हुशारी, वाचकांनी आपलं मत करावं.

सुरतेत बावीसेक वर्षं काढून त्या राजकोटला जनाना रुग्णालयात गेल्या आणि निवृत्तीपर्यंत काठेवाडातच राहिल्या. मुंबईला परतल्यावरही गप्प बसल्या नाहीत. पडदा पद्धत बंद व्हायला हवी असं सांगणारी पुस्तिका त्यांनी काढली. पडद्याचा आणि आरोग्याचा संबंध त्यांनी आयुष्यभर खाटेजवळ उभं राहून पाहिला होता. ज्या बाईला घराबाहेर पाऊल टाकायला तिघांची परवानगी लागते, तिला दुखणं कळूनही उपयोग नसतो. माहिती तिच्याकडे, निर्णय सासऱ्याकडे. आरोग्याबद्दल लोकांना शहाणं करायचं म्हणून आपण पोस्टर लावतो, मोबाईलवर संदेश पाठवतो. ते वाचणारी बाई रिक्षाचे पैसे कुणाकडे मागणार हे पोस्टरवर नसतं.

रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ ला मुंबईत वारल्या, नव्वद वर्षांच्या होऊन. पुढे सुरतेच्या रुग्णालयाला त्यांचं नाव लागलं.

देशात दवाखान्यात होणारी बाळंतपणं २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरात ३९ च्या आसपास होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती जवळजवळ ८९ वर गेली. मधल्या वर्षांत जननी सुरक्षा योजनेचे पैसे आले, अॅम्ब्युलन्स आल्या, आणि गावोगाव आशाताई आल्या. आशा ही त्याच गावातली सून असते. तिचं घर, तिची मुलं, तिची जात, तिचं बोलणं सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ती बोलावते तेव्हा बाई निघते. रात्री दोन वाजता पेशंटबरोबर गाडीत बसणारी ही बाई कामानुसार मिळणाऱ्या मोबदल्यावर राबते. तो मोबदला वाढावा म्हणून आपल्या सीमेच्या दोन्ही बाजूंना आशाताईंना पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं आहे.