काडीभरही फरक नाही

हबशाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाकडील ख्रिस्ती राजाला अरब लोक नजाशी म्हणत. इ.स. ६१५ च्या सुमारास मक्केतील छळामुळे काही मुसलमान प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सांगण्यावरून तिथे आश्रयाला गेले. सीरतच्या ग्रंथांत पुढची हकिगत येते.

कुरैशांनी नजराणे देऊन अम्र बिन आस यांना पाठवले. दरबारी आधीच वश झाले होते. मात्र दुसरी बाजू ऐकल्याशिवाय आश्रितांना सोपवायला नजाशींनी नकार दिला. हजरत जाफर (र.) यांनी सूरह मरियम ऐकवली, तेव्हा नजाशींची दाढी आसवांनी भिजली.

दुसऱ्या दिवशी अम्र यांनी नवा डाव टाकला. हजरत ईसा (अ.) यांच्याविषयी हे लोक भलतेच बोलतात, अशी तक्रार केली. आसरा जाण्याची भीती असूनही जाफर यांनी ईसा हे अल्लाहचे बंदे व प्रेषित असल्याचे स्पष्ट सांगितले. नजाशींनी जमिनीवरची काडी उचलली. सत्य याहून काडीभरही वेगळे नाही, असा निर्वाळा दिला. धर्मगुरू कुरकुरले, पण नजराणे परत गेले आणि आश्रित राहिले. पुढे प्रजेतून बंड झाले, तरी ते डगमगले नाहीत.

त्यांच्या निधनाची वार्ता कळताच प्रेषितांनी मदिनेत त्यांची जनाजाची नमाज अदा केली.