विश्लेषण : मेंदूच्या लहरी टिपणारे हान्स बर्गर, त्या लहरींच्या सरावाने बुद्धी वाढते का?

डोक्याला पट्टा बांधा, मेंदूच्या लहरींना सराव द्या आणि एकाग्रता वाढवा, असे दावे हल्ली केले जातात. या तंत्राला ‘न्यूरोफीडबॅक’ म्हणतात. त्याचे मूळ जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांच्या शोधात आहे.

बर्गर या शोधाकडे कसे वळले?
जर्मनीतील कोबुर्गजवळ १८७३ मध्ये जन्मलेल्या बर्गर यांना खगोलशास्त्रज्ञ व्हायचे होते. लष्करी सेवेत ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचले. त्याच दिवशी घरी बहिणीला त्यांच्याविषयी धास्ती वाटली आणि वडिलांनी खुशाली विचारणारी तार केली. विचार एका मनातून दुसऱ्या मनात पोहोचतात, अशी बर्गर यांची खात्री झाली. त्याचा शोध घेण्यासाठी ते वैद्यकशास्त्राकडे वळले.

पहिला आलेख कधी मिळाला?
येना येथे ६ जुलै १९२४ रोजी, १७ वर्षांच्या मुलावरील शस्त्रक्रियेवेळी. मात्र हा प्रवाह मेंदूचाच, की हृदयाचा वा स्नायूंचा, हे ते पाच वर्षे तपासत राहिले. स्वतःच्या मुलावरही त्यांनी चाचण्या केल्या. निबंध छापला तो १९२९ मध्ये. डोळे मिटून शांत बसल्यास सेकंदाला साधारण १० ‘अल्फा’ लहरी दिसतात आणि डोळे उघडताच त्या ओसरतात, असे त्यांना आढळले. केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी १९३४ मध्ये पडताळा घेतल्यावर जगाने ते मानले. आज अपस्माराच्या निदानात ‘ईईजी’ महत्त्वाचा ठरतो. विचारांच्या दूरसंवादाचा पुरावा मात्र बर्गर यांना मिळाला नाही.

अखेर कशी झाली?
नाझी राजवटीत सक्तीच्या नसबंदीचे निर्णय देणाऱ्या न्यायालयात त्यांनी काम केले. हा त्यांच्या आयुष्यावरील डाग आहे. ते १९३८ मध्ये निवृत्त झाले. पुढे नैराश्याने ग्रासले आणि १९४१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

सरावाबाबत पुरावा काय?
माणूस अल्फा लहरी ओळखायला शिकू शकतो, हे अमेरिकेत जो कामिया यांनी १९६०च्या दशकात दाखवले. पण लहर बदलली म्हणजे बुद्धी वाढली, असे नाही. अतिचंचलता (एडीएचडी) असलेल्या मुलांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना खरा सराव दिला, काहींना हुबेहूब पण खोटा. दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच होती. म्हणजे फायदा दिसला, पण तो लहरींच्या सरावामुळेच झाला, हे सिद्ध झाले नाही. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : खोट्या सरावाशी तुलना केली आहे का?