हॅटवरची पिसे आणि पहाटेची पायपीट

१८८६ सालच्या वसंतात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॉर्दॅम्प्टन गावी एक वेगळेच दृश्य दिसू लागले. स्मिथ कॉलेजच्या मुली भल्या सकाळी उठून रानाकडे निघत. त्यांच्या पुढे चालत ते ख्यातनाम निसर्गलेखक जॉन बरोज. बरोज यांना आग्रहाने बोलावून घेणारी विद्यार्थिनी होती २२ वर्षांची फ्लॉरेन्स मेरियम. पुढे फ्लॉरेन्स मेरियम बेली या नावाने त्या पक्षिशास्त्रात अजरामर झाल्या.

या भटकंतीमागे केवळ हौस नव्हती. स्त्रियांच्या हॅटवर पिसेच काय, अख्खे पेंढा भरलेले पक्षी मिरवण्याची तेव्हा फॅशन होती. त्याच वर्षी फ्रँक चॅपमन या पक्षिप्रेमीने न्यूयॉर्कच्या बाजारपेठेत दोन फेऱ्या मारून ७०० हॅट मोजल्या. त्यांपैकी ५४२ हॅटवर पक्षी वा पक्ष्यांची पिसे होती आणि त्यांत तब्बल ४० जाती ओळखता आल्या. फ्लॉरेन्स यांच्या वर्गमैत्रिणीही याच हॅट घालून वावरत. फ्लॉरेन्स आणि त्यांची मैत्रीण फॅनी हार्डी यांनी कॉलेजात ऑड्युबॉन सोसायटी स्थापन केली खरी, पण हॅटविषयी मुलींना उपदेश करीत बसायचे नाही, असे त्यांचे धोरण होते. मुलींना जिवंत पक्ष्यांची ओळख करून द्यावी, मग त्या आपणहून पिसे टाकतील, असा त्यांचा होरा होता. प्रवचनाने फॅशन मोडत नाही, हे इतक्या कोवळ्या वयात उमगणे विशेषच म्हणायचे.

हंगामही नेमका निवडलेला होता. मध्य व दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवर हिवाळा काढलेले असंख्य चिमुकले पक्षी वसंतात उत्तरेकडे परततात. मे महिन्यात या भागात त्यांची झुंबड उडते. बहुतेक प्रवास रात्रीचा. पहाटे भुकेले थवे झाडांवर उतरून किड्यांवर ताव मारतात. नरांचा वीणीचा पिसारा नवा, गळ्यात गाणे, आणि झाडांना पालवी पुरती फुटलेली नसल्याने ते दिसतातही स्पष्ट. पुढे पाने दाट होतात आणि बरेच पाहुणे आणखी उत्तरेला निघून जातात. त्यामुळे जो पाहायचा तो सोहळा मोजक्या दिवसांचा, आणि तोही सकाळी लवकर उठणाऱ्यालाच! बरोज यांच्यासारखा कानाने पक्षी ओळखणारा वाटाड्या असला, तर नवख्यालाही त्या गलक्यातून एकेक आवाज वेगळा काढता येई. मुलींना त्याची गोडी लागली आणि अनेकींनी हॅटवरची पिसे उतरवली.

पक्षी ओळखायचा तर तो बंदुकीने पाडून हाती घ्यायचा, ही तेव्हाच्या अभ्यासकांची रूढ रीत होती. फ्लॉरेन्स यांचे थोरले बंधू, नामवंत प्राणिशास्त्रज्ञ सी. हार्ट मेरियम हेही नमुने गोळा करीतच वाढले होते. बहिणीने मात्र नाटकगृहात नेतात ती छोटी दुर्बीण उचलली. १८८९ मध्ये त्यांचे ‘बर्ड्स थ्रू अॅन ऑपेरा-ग्लास’ हे पुस्तक आले. त्यात ७० परिचित पक्षी असून रॉबिनच्या तुलनेत पक्षी केवढा, रंग कोणता, गातो कसा, अशी सामान्य माणसाला उमजेल अशी ओळख आहे. आधुनिक पक्षिमार्गदर्शक पुस्तकांची ही आद्य जननी मानली जाते. लेखिकेने पुरुषी टोपणनाव न घेता ते स्वतःच्या नावाने छापले, हेही नोंदण्याजोगे.

पुढे क्षयाने ग्रासल्यामुळे हवापालटासाठी त्या पश्चिमेकडे गेल्या. पण तेथेही स्वस्थ बसल्या नाहीत. कॅलिफोर्नियात घोड्यावर बसून त्यांनी घरट्यांची निरीक्षणे केली आणि त्यातून १८९६ मध्ये ‘अ-बर्डिंग ऑन अ ब्राँको’ हे पुस्तक सिद्ध झाले. १८९९ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ व्हर्नन बेली यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीबरोबर पश्चिमेचा दुर्गम मुलूख तुडवून त्यांनी १९०२ मध्ये तेथील पक्ष्यांचा हँडबुकरूपी ग्रंथ लिहिला. एवढ्या शास्त्रीय ग्रंथाला संग्रहालयातील नमुन्यांचा आधार लागलाच. दुर्बिणीने सारे भागते, असा त्यांचा भाबडा समज कधीच नव्हता.

राजधानी वॉशिंग्टनमध्ये १८९७ मध्ये ऑड्युबॉन सोसायटी उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. तेथे पक्षिपरिचयाचे वर्ग चालवून त्यांनी कॉलेजातला प्रयोग नेटाने पुढे नेला. दरम्यान लोकमत बदलत होते. १९०० मध्ये लेसी कायदा आला आणि १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांना संघराज्याच्या कायद्याचे भक्कम संरक्षण मिळाले. पिसांचा बाजार ओसरला.

मानसन्मान मात्र रेंगाळत आले. स्मिथ कॉलेजने पदवी दिली ती १९२१ मध्ये, म्हणजे ३५ वर्षांनी. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांच्या संघटनेत त्या १८८५ मध्ये पहिल्या महिला सहयोगी सदस्य झाल्या होत्या. फेलो होण्यास १९२९ साल उजाडले, आणि तो मान मिळवणाऱ्याही त्या पहिल्याच. न्यू मेक्सिकोच्या पक्ष्यांवरील १९२८ च्या बृहद्ग्रंथासाठी १९३१ मध्ये ब्रूस्टर पदक मिळाले. ग्रँड कॅन्यनच्या पक्ष्यांवरचे पुस्तक १९३९ मध्ये निघाले, तेव्हा त्या पंचाहत्तरी ओलांडून गेल्या होत्या. २२ सप्टेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले. कॅलिफोर्नियातील डोंगराळ भागात आढळणाऱ्या माउंटन चिकाडीच्या एका उपजातीला १९०८ मध्येच त्यांचे नाव देण्यात आले होते.