एका रात्रीचा कैदी

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये दर रविवारी विनोबांची गीता-प्रवचने होत आणि साने गुरुजी ती टिपून घेत. त्या सत्याग्रही कैद्यांच्या विचारपरंपरेतील एक धागा अमेरिकेच्या हेन्री डेव्हिड थोरोपर्यंत जातो.

कॉन्कर्ड गावी १८१७ मध्ये जन्मलेला थोरो हार्वर्डचा पदवीधर. मुलांना छड्या मारणे न पटल्याने त्याने शिक्षकी सोडली आणि वडिलांच्या पेन्सिल कारखान्यात काम केले. १८४५ मध्ये गुरुतुल्य मित्र इमर्सनच्या जमिनीवर, वॉल्डन तळ्याकाठी, स्वतः झोपडी बांधून तो दोन वर्षे राहिला. हा संन्यास मात्र नव्हे. गाव जेमतेम दीड मैलावर होते आणि घरी जेवायला जाणेही चालूच होते! या काळात तो विल्किन्सने इंग्रजीत आणलेली भगवद्गीता वाचीत असे.

गुलामगिरीला पाठीशी घालणाऱ्या सरकारला डोईपट्टी देणे त्याने आधीच थांबवले होते. मेक्सिकोशी युद्ध पेटले असताना, जुलै १८४६ मध्ये, त्याला अटक झाली. कोणीतरी परस्पर पैसे भरले आणि दुसऱ्या दिवशी त्याची सुटका झाली. याचा त्याला संतापच आला. त्या रात्रीच्या अनुभवातून सविनय कायदेभंगाचा निबंध १८४९ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी निघालेल्या त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या हजारांपैकी ७०६ प्रती प्रकाशकाने पुढे त्याच्याच घरी धाडल्या. १८६२ मध्ये, ४४ व्या वर्षी, क्षयाने त्याचा अंत झाला. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हाती तो निबंध पडला, तेव्हा तेथील सत्याग्रह सुरू झालेला होता. १९०७ मध्ये त्यांनी ‘इंडियन ओपिनियन’मधून थोरोचे विचार वाचकांपुढे मांडले.