महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि देशाच्या भाषेचा प्रश्न



परमपूज्य बाबासाहेबांचं जीवनचरित्र आपल्या घराघरात ठाऊक आहे. महाडचं चवदार तळं, येवल्याची घोषणा, पुणे करार, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी हे प्रसंग आपली लहान लेकरंसुद्धा धडाधड सांगतात. परंतु या थोर जीवनातला एक धागा आपल्या बोलण्यात फारसा येत नाही. तो धागा भाषेचा. एवढ्या मोठ्या देशाला राजकारभाराची एकच भाषा असावी काय, हा प्रश्न बाबासाहेबांनी आयुष्यभर मनाशी घोळवला होता. तो प्रश्न आजही मिटलेला नाही. २०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय एप्रिलमध्ये निघाला, त्यावर वाद झाला, आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. आपल्या लेकराबाळांच्या दप्तराशी जोडलेला हा विषय आहे. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत बाबासाहेबांचं जीवन या अंगाने मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

बालपण आणि बंद दरवाजा

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं, आंबडवे गावचं. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. ते कबीरपंथी होते. घरात कबीराचे दोहे आणि मराठी संतांचे अभंग म्हटले जात. इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून सुभेदार मुलाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेत. म्हणजे अगदी लहानपणीच मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषा भीमरावांच्या कानावर पडल्या.

चौथी भाषा मात्र त्यांना मिळाली नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याच्या पोराला संस्कृत शिकवायला मास्तर तयार नव्हते. नाइलाजाने त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि १९१२ साली बी.ए. झाले. भाषा ही नुसती बोलण्याची वस्तू नसते, तिला दरवाजाही असतो आणि त्या दरवाजावर कुणीतरी पहारा करीत असतं, याचा अनुभव त्यांनी शाळकरी वयातच घेतला. पुढे स्वतःच्या जिद्दीने त्यांनी संस्कृत ग्रंथांचा अभ्यास केला आणि धर्मशास्त्रांची चिकित्सा करून मोठमोठ्या पंडितांना निरुत्तर केलं.

इंग्रजीतून जगाकडे, मराठीतून आपल्या माणसांकडे

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडन. अर्थशास्त्रावरचे मोठे प्रबंध त्यांनी इंग्रजीत लिहिले. साउथबरो कमिटीपुढची साक्ष, गोलमेज परिषदेतली भाषणं, सारं इंग्रजीत. सत्तेची भाषा त्या काळी इंग्रजी होती. सत्तेशी भांडायचं तर तिच्याच भाषेत भांडलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं.

पण आपल्या समाजाला जागं करायची वेळ आली तेव्हा त्यांनी मराठी निवडली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिक निघालं. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला आर्थिक मदत केली. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं. पहिल्या पत्राच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, तर दुसऱ्याच्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. १९३० साली ‘जनता’ आलं आणि १९५६ साली त्याचंच ‘प्रबुद्ध भारत’ झालं. बाबासाहेबांची मराठी ठसठशीत, घावाला घाव घालणारी होती. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला दुसऱ्याने वाचून दाखवलं तरी कळावं, अशी.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. भाषेची दोन कामं बाबासाहेबांनी वेगळी ओळखली होती. एक काम राज्य चालवण्याचं, दुसरं काम माणूस जागवण्याचं. दोन्ही कामांना एकच भाषा पुरेल, असा हट्ट त्यांनी धरला नाही.

संविधान सभेतला पेच

देश स्वतंत्र झाला आणि बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संविधानातला सर्वांत जास्त वादाचा विषय कोणता, तर भाषेचा. हिंदीवाले एकीकडे, दक्षिणेतले सभासद दुसरीकडे. काही जणांना हिंदुस्थानी पाहिजे होती. आकडे कोणते लिहायचे यावरसुद्धा रणधुमाळी झाली. बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवलं आहे की काँग्रेस पक्षाच्या बैठकीत हिंदीच्या बाजूने ७८ आणि विरुद्ध ७८ अशी समसमान मतं पडली. बऱ्याच काळाने पुन्हा मतदान झालं तेव्हा ७८ विरुद्ध ७७, म्हणजे फक्त एका मताने हिंदी जिंकली.

याच सुमारास, सप्टेंबर १९४९ मध्ये, संस्कृतला राजभाषा करावी अशी दुरुस्ती पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी मांडली. या सूचनेला पाठिंबा देणाऱ्यांमध्ये बाबासाहेबांचं नाव तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आलं होतं. हे वाचून आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटतं. ज्या भाषेचा दरवाजा त्यांच्या तोंडावर बंद झाला, तिलाच त्यांनी का पाठिंबा द्यावा? याचा एक अर्थ असा लावता येतो, की संस्कृत ही कोणत्याही एका प्रांताची मायबोली नव्हती. ती राजभाषा झाली असती तर उत्तरेच्या माणसालाही नव्याने शिकावी लागली असती आणि दक्षिणेच्याही. कुणाला जन्मजात फायदा मिळाला नसता. ती दुरुस्ती मान्य झाली नाही.

अखेर १४ सप्टेंबर १९४९ रोजी तडजोड झाली. देवनागरी लिपीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा ठरली आणि इंग्रजी आणखी १५ वर्षं चालू ठेवायचं ठरलं. आठव्या अनुसूचीत त्या वेळी मराठीसह १४ भाषा होत्या, आज २२ आहेत. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या संविधानात राष्ट्रभाषा असा शब्द कोणत्याच भाषेला लावलेला नाही. हिंदी ही राजभाषा, म्हणजे केंद्राच्या कारभाराची भाषा. १५ वर्षं संपत आली तेव्हा १९६३ च्या कायद्याने इंग्रजीही पुढे चालू राहिली. १९६४ च्या कायद्याने महाराष्ट्राच्या कारभाराची भाषा मराठी झाली.

भाषावार प्रांत आणि आपला खानदेश

बाबासाहेबांचं स्वतःचं मत काय होतं? ते त्यांनी कधी लपवलं नाही. ऑक्टोबर १९४८ मध्ये भाषावार प्रांत आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी मराठी माणसांचा महाराष्ट्र प्रांत व्हावा याला पाठिंबा दिला. पण एक अट घातली. प्रांताच्या सरकारी कारभाराची भाषा केंद्राचीच असावी. प्रत्येक प्रांताने आपली भाषा सरकारी केली तर एके दिवशी तो प्रांत स्वतंत्र राष्ट्रासारखा वागू लागेल, ही त्यांना धास्ती होती.

१९५५ साली भाषावार राज्यांवरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी हाच विचार पुन्हा मांडला. देशाला जोडणारी भाषा हिंदी असावी आणि देश त्यासाठी तयार होईपर्यंत इंग्रजी असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे एक राजभाषा असावी, या बाजूचेच ते होते. हे मान्य करूनच पुढे गेलं पाहिजे.

पण तेवढंच सांगून थांबलं तर अर्धे बाबासाहेब सांगितल्यासारखं होईल. त्याच पुस्तकात त्यांनी दुसरी बाजू तितक्याच जोराने मांडली. हिंदी ज्यांची भाषा आहे ती राज्यं अवाढव्य होती. एकट्या उत्तर प्रदेशाची लोकसंख्या तेव्हा ६ कोटींच्या वर होती. भाषाही त्यांची आणि संख्याही त्यांची असली तर दक्षिणेने काय करायचं? म्हणून उत्तर प्रदेशाची तीन, बिहारची दोन आणि मध्य प्रदेशाची दोन राज्यं करावीत असं त्यांनी सुचवलं. हैदराबादला देशाची दुसरी राजधानी करावी, अशीही सूचना केली. पुढे २००० साली बिहार, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातून झारखंड, छत्तीसगड आणि आजचं उत्तराखंड ही राज्यं निघाली. ती बाबासाहेबांच्या नकाशाबरहुकूम झाली नाहीत, पण मोठी राज्यं तोडावी लागली हे खरं.

आपल्या मराठी मुलखाबद्दलही त्यांचा तोच न्याय होता. एका भाषेचं एकच राज्य असलं पाहिजे असं नाही, असं सांगून त्यांनी मराठी भाषिकांची चार राज्यं सुचवली. मुंबई शहर, पश्चिम महाराष्ट्र, मध्य महाराष्ट्र आणि पूर्व महाराष्ट्र. त्यांच्या मध्य महाराष्ट्रात नाशिक, नगर, मराठवाडा यांच्यासोबत पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश होता. म्हणजे आपलं जामनेर त्या राज्यात आलं असतं. भाषावार राज्यात एखादीच मोठी जात गावोगाव सत्ता बळकावून बसते आणि अल्पसंख्य दलित तिच्या दयेवर जगतो, ही भीती त्यांनी स्पष्ट लिहिली होती. ही योजना झाली नाही. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन पुढे संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाला आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. पण भीतीचं कारण संपलं का, हे ज्याचं त्याने आपल्या गावात पाहावं.

तथागतांची भाषा

भाषेच्या या प्रश्नावर तथागतांचाही निर्णय आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात कथा येते. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खू बंधूंनी विनंती केली की भगवंतांचं वचन लोक आपापल्या बोलीत सांगून बिघडवतात, म्हणून ते वेदांच्या छंदोबद्ध भाषेत ठेवावं. तथागतांनी त्यांना नकार दिला. ज्याने त्याने आपल्या बोलीत धम्म शिकावा असाच या अनुज्ञेचा अर्थ सर्वसाधारणपणे घेतला जातो.

बाबासाहेबांनी हाच मार्ग पुढे नेला. ‘दि बुद्धा अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांनी जगासाठी इंग्रजीत लिहिला. तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. पालीच्या कोशाचं काम त्यांनी हाती घेतलं. त्यात पाली शब्दांना इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती आणि हिंदी अर्थ दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी पालीत त्रिशरण-पंचशील घेतलं. आणि मग लाखो बायाबापड्यांना, शेतमजुरांना बावीस प्रतिज्ञा स्वतः दिल्या त्या मराठीत. ज्यांच्या जीवनात त्या प्रतिज्ञांनी बदल घडवायचा होता त्यांना त्यातला शब्द न् शब्द कळणं गरजेचं होतं. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं.

आपण काय घ्यायचं?

आपल्या जामनेर तालुक्यात घरी तावडी बोलली जाते, शेजारच्या तांड्यावर बंजारा, थोडं पुढे गेलं की अहिराणी. शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी, आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठात इंग्रजी. आपल्या माणसाचा जमिनीचा किंवा अत्याचाराचा खटला वर गेला की त्याच्याच दुःखाचा कागद त्याला वाचता येत नाही. एका राजभाषेच्या वादात आपल्यासाठी खरी अडचण ही आहे.

बाबासाहेबांच्या जीवनातून याचं उत्तर मिळतं. देश एकत्र राहण्यासाठी सामाईक भाषा असायला हरकत नाही. पण ती भाषा कुणाची मालकी होता कामा नये, तिचा दरवाजा गरिबाच्या लेकराला उघडा पाहिजे, आणि तिच्यासाठी कुणाच्या तोंडची बोली हिरावली जाऊ नये. म्हणून आपल्या मुलांनी इंग्रजीला भिऊ नये, हिंदीचा राग धरू नये, मराठीत कच्चं राहू नये आणि घरच्या बोलीची लाज बाळगू नये. विहारात आठवड्यातून एक तास पालीचा वर्ग भरवता आला तर फारच उत्तम. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला आहे. बाबासाहेबांनी एका भाषेत समाज जागा केला आणि दुसऱ्या भाषेत शरण घेतलं. त्या दोन्ही भाषा आता आपल्या हवाली आहेत. त्या सांभाळणं हे आपलं कर्तव्य आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!