गांधीजींच्या घरची शाळा

दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात 1897 च्या जानेवारीत मोहनदास करमचंद गांधी उतरले, तेव्हा या तरुण बॅरिस्टरसोबत प्रथमच कुटुंब होते. पत्नी कस्तुरबा, हरिलाल आणि मणिलाल हे दोन मुलगे आणि विधवा बहिणीचा मुलगा गोकुळदास. संतप्त गोऱ्या जमावाने बंदराबाहेर गांधीजींवर केलेला हल्ला इतिहासात नोंदला गेला आहे. मात्र त्यानंतर घरात जो प्रश्न उभा राहिला, तो त्या मानाने कमी परिचित आहे. या मुलांना शिकवायचे कोठे?

गोऱ्या मुलांच्या शाळांमध्ये हिंदी मुलांना प्रवेश नव्हता. गांधीजींच्या मुलांसाठी अपवाद होऊ शकला असता. परंतु जी सवलत इतर हिंदी मुलांना नाही, ती केवळ प्रतिष्ठेच्या बळावर आपल्या मुलांसाठी घेणे त्यांना मान्य नव्हते. हिंदी मुलांसाठी ख्रिस्ती मिशनच्या शाळा होत्या. तेथील शिक्षण त्यांना पसंत नव्हते आणि तेथे गुजराती शिकण्याची सोयही नव्हती. मुलांना मायदेशी पाठवून आईवडिलांपासून दूर ठेवणे त्यांना पटत नव्हते. थोरला मुलगा आणि भाचा यांना पुढे काही महिने हिंदुस्थानातील वसतिगृहाच्या शाळेत ठेवून पाहिले, पण लवकरच परत बोलावले. अखेर महिना 7 पौंड वेतनावर एक इंग्रज शिक्षिका नेमण्यात आली आणि उरलेला भार गांधीजींनी स्वतःवर घेतला. मुलांशी ते केवळ गुजरातीत बोलत.

2 ऑक्टोबर 1869 रोजी पोरबंदर येथे जन्मलेल्या गांधीजींचे स्वतःचे शिक्षण मात्र सर्वस्वी रूढ वाटेने झाले होते. राजकोटच्या हायस्कुलातून 1887 मध्ये मॅट्रिक, भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात एक सत्र, नंतर लंडन आणि 1891 मध्ये बॅरिस्टरची सनद. ज्या शिडीने ते वर चढले, ती मुलांसाठी त्यांनी लावली नाही, हा आक्षेप पुढे घरातूनच आला.

या गृहस्थाची जिद्द विलक्षण होती. धाकट्या देवदासचा जन्म 1900 मध्ये झाला, त्या वेळी ऐनवेळी मदत मिळू शकली नाही आणि गांधीजींनी स्वतः बाळंतपण पार पाडले. बालसंगोपनावरील एक गुजराती पुस्तक त्यांनी आधीच अभ्यासून ठेवले होते. शिक्षणाच्या बाबतीत मात्र जिद्दीला वेळेची जोड मिळाली नाही. वकिली, सार्वजनिक काम, ‘इंडियन ओपिनियन’ पत्र आणि 1904 पासून फिनिक्सची वसाहत या सर्वांतून मुलांसाठी नियमित तास उरत नसे. जोहान्सबर्गमध्ये ते मुलांना घेऊन कार्यालयापर्यंत पायी जात. जाऊन येऊन सुमारे 5 मैल. या वाटेवरच्या गप्पा हाच त्यांचा वर्ग. मुलांना लहानपणापासून इंग्रजी यायला हवे, असा सहकारी हेन्री पोलाक यांचा आग्रह होता. त्यावरून वाद झडत, पण गांधीजी बधले नाहीत.

1910 मध्ये जोहान्सबर्गजवळ हर्मन कॅलेनबाख यांच्या 1100 एकर जमिनीवर टॉलस्टॉय फार्म उभा राहिला आणि घरच्या शाळेचा परीघ वाढला. सत्याग्रहींच्या हिंदू, मुस्लिम, पारशी आणि ख्रिस्ती मुलांना तेथे एकत्र शिकवले जाई. सकाळी शेतीकाम, दुपारी अभ्यास. चपला बनवण्याची कला कॅलेनबाख शिकून आले, त्यांच्याकडून गांधीजी शिकले आणि गांधीजींकडून मुले. अंगमेहनतीनंतर दुपारच्या वर्गात विद्यार्थी पेंगत आणि गुरुजींनाही डोळ्यांवर पाणी मारून जागे राहावे लागे.

या प्रयोगाची खरी कसोटी हरिलाल होता. सत्याग्रहात त्याने अनेकदा तुरुंगवास पत्करला. त्याला ‘छोटे गांधी’ म्हणत. वडिलांप्रमाणे विलायतेत जाऊन बॅरिस्टर व्हावे, अशी त्याची इच्छा होती. डॉ. प्राणजीवन मेहता यांनी गांधीजींच्या एका मुलाच्या इंग्लंडमधील शिक्षणाचा खर्च देऊ केला होता. गांधीजींनी ती संधी प्रथम पुतणे छगनलाल यांना आणि ते आजारपणामुळे परतल्यावर सोराबजी अडाजानिया यांना दिली. सार्वजनिक न्याय म्हणून ही निवड निर्दोष ठरेल. मुलाच्या मनावर तिचा काय परिणाम झाला असेल, हे निराळे. 1911 मध्ये हरिलाल घर सोडून अहमदाबादला गेला आणि विवाहित, पिता झालेला हा तरुण पुन्हा शाळेत बसला. मॅट्रिकची परीक्षा त्याला उत्तीर्ण होता आली नाही. 1915 मध्ये त्याने वडिलांना लिहिलेल्या दीर्घ पत्रात शिक्षण नाकारल्याची तक्रार स्पष्टपणे मांडली.

1925 पासून ‘नवजीवन’ साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेत गांधीजींनी हा विषय टाळला नाही. मुलांच्या अक्षरज्ञानाची हेळसांड झाली, त्यांची तक्रार काही अंशी रास्त आहे आणि रोज एक तास जरी नियमाने देता आला असता तरी चित्र वेगळे दिसले असते, असे त्यांनी मान्य केले. मूळ निर्णयाबद्दल मात्र त्यांना खंत नव्हती. साधेपणा, सेवाभाव आणि मातृभाषा मुलांना शाळेत मिळाली नसती, अशी त्यांची धारणा कायम राहिली. पदवीवाचून मणिलाल यांनी 1920 पासून 1956 मध्ये निधन होईपर्यंत ‘इंडियन ओपिनियन’चे संपादन केले. देवदास ‘हिंदुस्तान टाइम्स’चे व्यवस्थापकीय संपादक झाले.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हस्तोद्योगाचा पाया, असे ठराव तेथे झाले आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने आराखडा तयार केला. टॉलस्टॉय फार्मचे धागे त्यात सहज ओळखू येतात. फरक एवढाच की, येथे शिक्षक पूर्णवेळ आणि प्रशिक्षित असणार होता.

हरिलाल तोवर कुटुंबापासून फार दूर गेले होते. 18 जून 1948 रोजी, वडिलांच्या हत्येनंतर पाच महिन्यांच्या आत, मुंबईतील एका रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला.